माझी स्वीडिश शब्दांची वही

भगिनींनो, मी लेकीकडे उप्सालाला राहून आले हे कळताच संपादिकाबाईंनी ‘तिकडचे चार शब्द लिहा’ म्हणून गळ घातली. मी शब्दच तेवढे आणले आहेत! नातीशी बोलता यावे म्हणून एका वहीत डावीकडे नाचगाण्याचे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्यांचे स्वीडिश अर्थ उतरवून घेतले होते.

पहिला घोटाळा ‘प्ले’चा. इंग्रजीत मुलांचे खेळणे आणि फिडल वाजवणे एकाच क्रियापदात भागते. स्वीडिशमध्ये मुलांचे खेळणे ते ‘लेका’, वाद्य वाजवणे ते ‘स्पेला’. (नात ‘लेका’ म्हणाली की मला आपले कुणी हाक मारल्यासारखे वाटे.) लोकसंगीताचा वादक तो ‘स्पेलमान’, शब्दशः वाजवणारा पुरुष, पण बाईने फिडल हाती धरली तरी तीही स्पेलमानच! अकॉर्डियन म्हणजे ‘द्रागस्पेल’, ओढून वाजवायचे ते. हे नाव मला फार आवडले.

‘पोल्का’पुढे मात्र मी आपल्या बुद्धीने ‘पोल्स्का’ लिहिले. नात पोल्स्का नाचू लागली, मी दोन-दोनच्या टाळ्या धरल्या आणि तिचे पाऊल अडले. पोर हिरमुसली. चूक माझी होती. पोल्का बोहेमियातला, १८३० नंतर पुढे आलेला, दोन मात्रांचा. पोल्स्का तीन मात्रांचा आणि पुष्कळ जुना. नावाचा अर्थच ‘पोलंडचा’. पोलंडचा राजा सिगिस्मुंड १५९२ ते १५९९ स्वीडनच्याही गादीवर होता. अशा संबंधांतून पोलंडचे नाच तिकडे आले आणि पुढे खेडोपाडी रुजले.

एकोणिसाव्या शतकात धर्मजागृतीची लाट आली, तेव्हा फिडल हे सैतानाचे वाद्य ठरले. कित्येकांनी आपल्या हातांनी फिडली जाळल्या. आपल्याकडे घरंदाज मुलीने पायांत चाळ बांधणे कसे मानले जाई, हे वडीलधाऱ्या भगिनींना सांगायला नकोच. पुढे चित्रकार आंडर्स सोर्न यांनी १९०६ साली येसुंडा येथे वादकांची स्पर्धा भरवली, आणि १९१० साली स्टॉकहोमच्या स्कान्सेनवर देशभरचे स्पेलमान जमले. म्हाताऱ्यांबरोबर जाऊ पाहणाऱ्या कितीतरी चाली त्यामुळे राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी ‘एत्, त्वो, त्रे’ असे मोजीत टाळ्या दिल्या. नात खोलीभर नाचली. मग मी तिला फुगडी शिकवली. वहीत तिने तो शब्द दोन्ही बाजूंना ‘फुगडी’ असाच लिहून ठेवला आहे.