बाळ अंगावर पितंय, मग दिवस कसे गेले?

मागच्या पावसाळ्यात एक तरुण आई सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आली. कडेवर आठ महिन्यांचं बाळ. तक्रार साधीच: थकवा, सकाळी मळमळ, जेवण नकोसं वाटणं. "अंगावर पाजते ना, म्हणून अशक्तपणा आला असेल. एखादं टॉनिक द्या," सासूबाई म्हणाल्या. मी लघवीची तपासणी करायला सांगितली, तेव्हा दोघी हसल्या. "अहो डॉक्टर, बाळ अजून अंगावर पितंय, पाळीसुद्धा आलेली नाही. मग दिवस कसे जातील?"

तपासणी पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत तीन महिने होत आले होते. पहिलं बाळंतपण सिझेरियनचं आणि हिमोग्लोबिन ८. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मला हे कुणी सांगितलंच नाही."

हे वाक्य मी तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अनेकदा ऐकलं आहे. बाळंतपणानंतर पाळणा कसा लांबवायचा, हे बाईला कुणी सांगायचं, कधी सांगायचं आणि शेवटी ठरवायचं कुणी, या प्रश्नांना शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असला की आजचे पर्याय जास्त नीट समजतात.

मुंबईतलं १९२१ सालचं केंद्र

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला ठाऊक असतात. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ हे गणिताचे प्राध्यापक. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात दगावल्या. त्या काळी असं घडणं नवलाचं नव्हतं. घरोघरी एखादी बाळंतीण गेलेली असायची.

याच रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असंच केंद्र उघडलं होतं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. पुढे रघुनाथरावांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पत्नी मालतीबाईंची साथ होती, पैसा मात्र कधीच नव्हता. १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हेच काम करत राहिले.

तेव्हाची साधनं मोजकी होती: निरोध, स्पंज आणि स्त्रीने आत बसवायची रबरी टोपी. ही टोपी मापाची लागते आणि बाळंतपणानंतर माप बदलतं. जुनी टोपी तशीच वापरली तर ती नीट बसत नाही. म्हणजे बाळंतपणानंतर नव्याने तपासून, नव्याने ठरवावं लागतं, ही गोष्ट त्या काळच्या साधनांतही होतीच.

मण्यांची माळ आणि लूप

१९५२ मध्ये सरकारी पातळीवर कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. सुरुवातीचा भर होता पाळीचे दिवस मोजण्यावर. अशिक्षित बायकांना हिशेब सोपा जावा म्हणून रंगीत मण्यांची माळ देऊन पाहिली गेली. दिवसाला एक मणी सरकवायचा, अमुक रंगाचे मणी आले की जपायचं. पण बाळंतिणीला या माळेचा काय उपयोग? तिची पाळीच आलेली नसते, मग दिवस मोजायचे कुठून?

१९६५ मध्ये प्लॅस्टिकचा लूप आला. एकदा बसवला की विसरून जायचं, अशी अपेक्षा होती. पण घाईघाईने शिबिरांत लूप बसवले गेले. रक्तस्राव वाढू शकतो, लूप आपोआप बाहेर पडू शकतो, हे बायकांना नीट सांगितलं गेलं नाही. त्रास झाल्यावर बघायलाही कुणी नव्हतं. मग एकीचा अनुभव गावभर पसरला. आजही तांबी म्हटलं की काही आज्या नाक मुरडतात, त्यामागे त्या दिवसांची आठवण आहे. तांब्याची तार असलेली आजची तांबी त्या लूपपेक्षा वेगळी आहे, पण गेलेला विश्वास परत यायला वेळ लागतो.

बाळंतपणाच्या खाटेवर घेतलेले निर्णय

१९६९ मध्ये मोठ्या रुग्णालयांत खास बाळंतिणींसाठी कार्यक्रम सुरू झाला. विचार चुकीचा नव्हता. बाई रुग्णालयात आलेलीच आहे, तिला पुढच्या बाळंतपणाची काळजीही आहे, तर तिथेच सल्ला आणि साधन द्यावं. पण सल्ला देणं आणि आकडा गाठणं यातली रेघ पातळ असते. आणीबाणीत ती पुसली गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश पुरुष होते आणि अनेकांवर सक्ती झाली होती.

त्यानंतर पुरुष नसबंदीचं नाव काढणंच अवघड झालं. सगळा भार बायकांवर आला, तो आजवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं ०.३ टक्के. खरं तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची आहे.

आजीचं म्हणणं अर्धं खरं होतं

आता त्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. "अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत" ही समजूत निराधार नाही. बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूतून बीज तयार करण्याचा संदेश दबतो. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञ एकत्र आले आणि वेगवेगळ्या देशांतली माहिती तपासून त्यांनी सांगितलं: हे संरक्षण ९८ टक्के मिळतं, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तर.

१. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं.
२. बाळ रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असावं. दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नको.
३. पाळी परत आलेली नसावी.

यातली एक अट मोडली की भरवसा संपला. आपल्याकडे हे लक्षात ठेवायला सोपी खूण आहे: उष्टावण. बाळाच्या तोंडात भाताची पेज गेली की दुधाचं संरक्षण संपलं असं समजा. वरचं दूध सुरू केलं असेल तर त्याआधीच संपलं.

आणि "पाळी आली नाही" यावर विसंबू नका. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. त्या पहिल्याच बीजाला दिवस राहिले तर पाळी येतच नाही. माझ्या पेशंटच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. जी आई अजिबात अंगावर पाजत नाही, तिला तर बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातसुद्धा बीज सुटू शकतं.

आज हातात काय आहे?

*तांबी:* बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सिझेरियनच्या वेळीच बसवता येते. नाहीतर सहा आठवड्यांनंतर. दुधावर परिणाम नाही. प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. लगेच बसवलेली तांबी निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून तपासणी चुकवू नये.

*छाया गोळी:* लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेलं हे औषध 'सहेली' नावानेही मिळतं. त्यात स्टिरॉइड हार्मोन नाही, पाजणाऱ्या आईला चालतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा.

*अंतरा इंजेक्शन:* दर तीन महिन्यांनी. पाजणाऱ्या आईने सहा आठवड्यांनंतर सुरू करावं. पाळी अनियमित होते, हे आधी माहीत हवं. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात.

*माला-एन, माला-डी:* पाजत असाल तर पहिले सहा महिने नको. दूध कमी होऊ शकतं आणि बाळंतपणानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ताच्या गुठळीचा धोका असतो.

*निरोध:* केव्हाही चालतो, पण प्रत्येक वेळी वापरला तरच.

*शस्त्रक्रिया:* स्त्रीची सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर, पुरुषाची केव्हाही. मात्र पुरुषाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्य तपासून घ्यावं लागतं. मूल आणखी नको हे पक्कं असेल तरच या वाटेला जा.

रक्तदाब, हृदयविकार, मायग्रेन किंवा पायात गुठळीचा त्रास झालेला असेल तर स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

ठरवायचं कधी?

सातव्या महिन्यात. कळा सुरू झाल्यावर कागद पुढे करून घेतलेली सही ही खरी संमती नव्हे. आणि सव्वा महिना झाल्यावर बघू म्हणणाऱ्या कितीतरी जणी परत येतच नाहीत. गरोदरपणाच्या तपासणीला नवऱ्याला सोबत घेऊन या, आणि डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. पुढचं मूल हवं असलं तरी निदान दोन वर्षं शरीराला द्या, मग विचार करा.

माझ्या त्या पेशंटने दुसरं बाळंतपण नीट पार पाडलं. लोहाच्या गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन वाढलं. आठव्या महिन्यात ती नवऱ्याला घेऊन आली, दोघांनी सगळं विचारलं आणि तिने तांबी निवडली. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "आमच्या वेळी असं कुणी बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

रघुनाथरावांनी जन्मभर याचसाठी धडपड केली. निदान आपल्या घरातल्या लेकीसुनांना हे वेळेवर सांगूया.