ताकिदाशीची रांग

टोकियोतल्या एका चर्चमध्ये महिन्यातून एका शनिवारी मी गरजूंना करीभात वाढतो. (जपानी करी गोडसर असते, आपली आमटी आठवत बसायचे नाही!) अशा अन्नदानाला इथे ‘ताकिदाशी’ म्हणतात. तिथेच तोयोहिको कागावांचे नाव ऐकले आणि मग वाचत गेलो. १९०९ साली, नाताळच्या आदल्या दिवशी, २१ वर्षांचा हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी कोबेच्या शिन्कावा झोपडपट्टीत राहायलाच गेला. नुसत्या दानाने भागत नाही, हे तिथे उमगले. १९२१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोबेत ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. आजची ‘को-ऑप कोबे’ ती हीच.

आमच्या रांगेतले एक आजोबा ताट घेताना मान वर करत नसत. हल्ली वाढून झाले की मी त्यांच्याच शेजारी जेवायला बसतो. परवा त्यांनी लोणच्याची वाटी माझ्याकडे सरकवली.