‘आरंभ’वाचक शब्द आणि ठाणे-कल्याण लोहमार्गाचा कालनिर्णय

‘१६ एप्रिल १८५३ रोजी भारतात रेल्वे सुरू झाली’ हे विधान इतके रूढ झाले आहे की, त्यातील क्रियापदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः ‘सुरू होणे’ या एका क्रियापदात परस्परभिन्न अशा अनेक घटना सामावल्या जातात. या लोहमार्गाचा कारभार इंग्रजीत चालला आणि त्या भाषेत या घटनांना पृथक् शब्द होते. त्या शब्दांचा अर्थ निश्चित केल्यावाचून कालनिर्णय निर्दोष होऊ शकत नाही.

‘बिगिन’ हा मूळचा आंग्ल शब्द होय. ‘कमेन्स’ हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला असून कायदा व दप्तर यांत तो अधिक रुळला. ‘स्टार्ट’ याचा मूळ अर्थ उडी घेणे, दचकणे असा होता. मार्गस्थ होणे हा अर्थ त्यास मागाहून प्राप्त झाला. ‘इनॉग्युरेट’ या शब्दाच्या मुळाशी पक्ष्यांवरून शकुन पाहणारा रोमन ‘ऑगर’ आहे. मराठीतही असा विवेक मुळीच नाही असे नव्हे. ‘सुरू’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला; परंतु ‘कुदळ मारणे’, ‘मुहूर्त करणे’, ‘उद्घाटन’, ‘खुला होणे’, ‘गाडी सुटणे’ हे प्रयोग त्या त्या इंग्रजी शब्दांच्या अगदी निकट आहेत. ‘उद्घाटन’ म्हणजे उघडणे, अर्थात ‘ओपनिंग’. आणि ‘मुहूर्त’ व ‘इनॉग्युरेट’ यांत शुभकाल पाहण्याची भावना समान आहे. उणीव शब्दांची नसून त्यांच्या योजनेची आहे.

हा भेद लक्षात घेता घटनांचा क्रम स्पष्ट होतो. १८४३ साली मुंबई सरकारचे अभियंते जॉर्ज क्लार्क यांना भांडुपच्या भेटीत या मार्गाची कल्पना सुचली. १८४९ साली पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी अस्तित्वात आली. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवनजीक ‘टर्निंग द फर्स्ट सॉड’ हा विधी झाला; आपल्याकडील कुदळ मारण्याचाच हा प्रकार. १६ एप्रिल १८५३ रोजी १४ डबे व सुमारे ४०० निमंत्रित घेऊन तीन इंजिनांची गाडी २१ तोफांच्या सलामीत बोरीबंदराहून सुटली आणि २१ मैलांचे अंतर तोडून ठाण्यास पोहोचली. हे उद्घाटन होय. सर्वसामान्य उतारूंची वाहतूक त्यानंतरची.

येथे कल्याणचे स्थान विशेष विचारार्ह ठरते. १८५० साली कुदळ पडली ती मुंबई-कल्याण मार्गासाठी. घाट चढून जाणाऱ्या दोन्ही शाखा पुढे कल्याणहूनच फुटावयाच्या होत्या. म्हणजे १८५३ साली ठाण्यास झालेले उद्घाटन नियोजित कामाच्या एका टप्प्याचे होते. ठाण्याची खाडी पुलाने ओलांडून व पारसिकच्या डोंगरात बोगदे पाडून उर्वरित सुमारे १२ मैलांचा मार्ग १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत वाहतुकीस खुला झाला. आरंभाचा मान एकट्या ठाण्याला देताना, ज्या कामाचा तो आरंभ होता त्याचे गंतव्यच विस्मरणात जाते.

‘भारतात’ या पदाचीही तीच गत आहे. रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या बांधकामावर माती वाहण्यासाठी बाष्पइंजिन १८५१ च्या डिसेंबरातच चालले होते. त्यामुळे १८५३ चे प्राथम्य उतारूंच्या गाडीपुरते मर्यादित मानणे युक्त होय. त्या मर्यादेने या तिथीचे महत्त्व उणे होत नाही. उलट ते नेमके होते.

तात्पर्य, मूळ कागदात ‘सॉड’, ‘ओपन्ड’, ‘कमेन्स्ड’ किंवा ‘स्टार्टेड’ यांपैकी कोणता शब्द आहे हे पाहून अभ्यासकाने अनुक्रमे कुदळ पडली, खुला झाला, आरंभ झाला किंवा गाडी सुटली असे लिहावे. सर्वत्र ‘सुरू झाले’ लिहिल्याने भाषा सुलभ होते खरी. परंतु त्या सुलभतेचे मोल इतिहासाला चुकवावे लागते.