दिवाणखान्यातील बिनतारी कळफलक

घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडलेला संगणक बसल्या जागेवरून चालवण्याची कल्पना आयबीएमने नोव्हेंबर १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'पीसी ज्युनियर' या यंत्रात मूर्त झाली. त्याचा ६२ कळांचा कळफलक चार पेन्सिल सेलवर चाले आणि अवरक्त किरणांनी, म्हणजे रिमोट कंट्रोलमध्ये वापरल्या जाणाऱ्या अदृश्य प्रकाशाने, संगणकाला संदेश धाडी. परंतु शेजारी असाच दुसरा संगणक असल्यास तोही तो संदेश टिपे, त्यामुळे या बिनतारी साधनासाठी कंपनीला तार वेगळी विकावी लागली, हा त्यातला विनोदच म्हणायचा. खरी नाराजी मात्र च्युइंगगमच्या गोळ्यांसारख्या सुट्या, बारीक कळांबद्दल होती, कारण टंकलेखनाला सरावलेल्या बोटांना त्या मानवेनात. १९८४ मध्ये कळफलक विनामूल्य बदलून देऊनही पुढच्याच वर्षी या यंत्राचे उत्पादन थांबले. दूरचित्रवाणीवर इंटरनेट दाखवणाऱ्या १९९६ च्या 'वेबटीव्ही' या साधनाच्या बिनतारी कळफलकानेही अवरक्त किरणच वापरले. या किरणांसाठी कळफलक यंत्राच्या दिशेने धरावा लागे; नेम धरण्याची ही गरज संपवली ती २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी, आणि कोचावर माऊस फिरवायला सपाट जागा नसल्याने कळफलकातच स्पर्शपट्टी, म्हणजे बोटाने दर्शक हलवण्याचा पृष्ठभाग, बसवला जाऊ लागला.