परदेशात पाठवलेल्या भेटवस्तूवरची कस्टम ड्युटी कुणी भरायची? पाठवणाऱ्याने की घेणाऱ्याने?

वसमतची हळद, घरचं मेतकूट, चकली-शंकरपाळ्यांचे डबे आणि वर एक साडी. हिंगोली जिल्ह्यातून परदेशातल्या लेकीला जाणारं पार्सल साधारण असं असतं. पोस्टाच्या काउंटरवर वजनानुसार टपालखर्च भरला की आपलं काम संपलं, असा बहुतेकांचा समज. पुढे पार्सल लंडनला पोहोचतं आणि लेकीचा फोन येतो : "आई, पार्सल सोडवायला पैसे मागतायत."

कोण चुकलं? खरं तर कुणीच नाही. टपालखर्च हा वाहतुकीचा मोबदला असतो. कस्टम ड्युटी, म्हणजे सीमाशुल्क, हा वस्तू ज्या देशात उतरते त्या देशाचा कर. हिंगोलीत भरलेल्या पैशांत तो धरलेला नसतो.

नियम काय सांगतो?

टपालाची जुनी पद्धत अशी की कर घेणाऱ्याने भरायचा. वस्तू त्याच्या देशात येते, म्हणून तिथल्या कायद्याच्या नजरेत आयात करणारा तोच. भेट आहे म्हणून कर आपोआप माफ होत नाही, फक्त एका मर्यादेपर्यंत सूट मिळते.

ब्रिटनमध्ये ही मर्यादा ३९ पाउंड आहे, म्हणजे साधारण साडेचार हजार रुपये. त्यापुढे व्हॅट लागतो आणि १३५ पाउंडांपुढे सीमाशुल्कही लागू शकतं. शिवाय कर गोळा करण्याच्या कामासाठी रॉयल मेल स्वतःचे ८ पाउंड वेगळे घेते. म्हणजे साडी पाच हजारांची असेल, तर करासोबत हा भुर्दंडही लेकीच्याच माथी. युरोपीय संघात भेटीची मर्यादा ४५ युरो आहे. तिथे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ टपालाने पाठवताच येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फीचा डबा कर भरूनही सुटणार नाही.

एक सवलत फार कुणाला माहीत नसते. ब्रिटनला एकाच खोक्यात लेक, जावई आणि नातवाच्या भेटी असतील, तर प्रत्येकाची भेट वेगळी बांधून त्यावर नाव घालायचं आणि कस्टमच्या फॉर्मवर ती वेगळी नोंदवायची. मग ३९ पाउंडांची सूट प्रत्येकाला स्वतंत्र मिळते.

अमेरिकेने गणित उलटं केलं

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर ड्युटी लागत नसे. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सवलत बंद झाली. कर कुणी आणि कसा गोळा करायचा हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. आधी पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटींना वाट मोकळी होती, काही दिवसांत तीही बंद झाली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ तारखेला. त्या वर्षी पोस्टाने अमेरिकेला फराळ वेळेत पोहोचवण्याची आशा तिथेच संपली.

सेवा परत आली ती नव्या पद्धतीने. ड्युटी बुकिंगच्या वेळीच, पाठवणाऱ्याकडून. तेव्हा ठरलेला दर होता जाहीर केलेल्या किमतीच्या सरसकट ५० टक्के. ६,००० रुपयांच्या मालावर ही पद्धत लागू झाली, तर टपालखर्च सोडून ३,००० रुपये काउंटरवरच मोजावे लागतात. असे दर बदलत असतात, त्यामुळे पार्सल बांधण्याआधीच त्या दिवशीचा दर आणि भेटींना सूट आहे का, हे पोस्टात विचारलेलं बरं.

या बदलाने ओझं डॉलरमध्ये कमावणाऱ्या लेकीवरून हळद विकून घर चालवणाऱ्या आईवडिलांवर आलं. फायदा एकच, पण मोठा : खर्च आधी कळतो. तो पाहून साडी पाठवायची की नुसता फराळ, हे ठरवता येतं.

मग भरायची कुणी?

कायदा घेणाऱ्याकडे बोट दाखवत असला, तरी पार्सलमध्ये काय जाणार हे पाठवणारा ठरवतो. न विचारता महागडी वस्तू पाठवली असेल, तर तिची ड्युटी पाठवणाऱ्यानेच द्यावी. लेकीने स्वतः मागवली असेल, तर तिने. ऐपतीचा फरक असेल, तर घरात आधी बोलून घ्यावं. खासगी कुरिअरमध्ये अनेकदा ड्युटी कोण भरणार याचा पर्याय बुकिंगच्या वेळीच निवडता येतो.

घेणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत, तर पार्सल परत पाठवलं जातं किंवा नष्ट होतं. काय करायचं ते पाठवणाऱ्याने पार्सलच्या फॉर्मवर आधीच नोंदवायचं असतं. परतीचा खर्चही त्याच्यावर येऊ शकतो.

"किंमत पाचशेच लिहा" हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. कस्टमचे अधिकारी खोकं उघडून किंमत स्वतः ठरवू शकतात, आणि पार्सल हरवलं तर नुकसानभरपाई मागताना तीच पाचशेची नोंद आडवी येते.

परदेशातून हिंगोलीत भेट आली तर?

इथे भारताचा नियम लागतो. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटी करमुक्त येत. तिचा गैरफायदा घेऊन परदेशी शॉपिंग अॅप विकलेला मालही भेट म्हणून पाठवू लागले, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये ती सूट काढली गेली. आता राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता भेटीवर पूर्ण ड्युटी लागते, आणि ती भरतो घेणारा.

फसवणूक करणारे नेमका हाच नियम वापरतात. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर ओळख झालेला 'परदेशी मित्र' महागडी भेट पाठवल्याचं सांगतो. मग दिल्ली विमानतळावरच्या 'कस्टम अधिकाऱ्या'चा फोन येतो आणि सोडवणुकीसाठी आधी थोडे, मग लाखांत पैसे मागितले जातात. कस्टम विभाग फोन करून कुणाच्या वैयक्तिक खात्यात ड्युटी भरायला सांगत नाही. त्यांच्या अधिकृत पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येतो. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता कमी.