मातीचे कबूतर

१८८० च्या सुमारास अमेरिकेत सिनसिनाटीच्या लिगोव्स्कीने भाजक्या मातीची तबकडी काढली आणि जिवंत कबुतरांवरचे गंडांतर निदान थोडे टळले. नाव मात्र कबुतराचेच राहिले!

बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांची कन्या राज्यश्री कुमारी हिचा जन्म १९५३ चा, आणि या खेळातील अर्जुन पुरस्कार १९६८ चा. राजवाड्यात बंदूक वारशाने मिळेल. नेम कसा मिळावा? मुलाच्या खांद्याला पहिलाच धक्का जोराचा बसला, की पुढे चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतात. म्हणून हलकी बंदूक, मोजकी काडतुसे, आणि प्रथम समोर सरळ जाणारी तबकडी. ती फुटली की मूल आपण होऊन दुसरी मागते. आडवी तबकडी मागाहून. तेथे हुकणे आलेच. खुद्द करणीसिंहांचेही जागतिक सुवर्ण १९६२ मध्ये कैरोला बरोबरीनंतरच्या फेरीत हुकले. रौप्य घेऊन ते परतले, तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती.