न्यूहाउनच्या खोलीत

६ सप्टेंबर १८१९. तुम्ही कोपनहेगनच्या रस्त्यावर उभे आहात. ओडेन्सहून आलेलं चौदा वर्षांचं एक हडकुळं, उंच पोर बोचकं सांभाळत शेजारून जातं. बाप मोची होता, तो तीन वर्षांपूर्वी वारला. आई लोकांचे कपडे धुते. हान्स ख्रिश्चन अँडरसनला नट व्हायचंय. त्याला थांबवू नका.

रॉयल थिएटरमध्ये डाळ शिजत नाही. गाण्याची शिकवणी मिळते, पण लवकरच आवाज फुटतो. थिएटरचे एक संचालक, योनास कॉलिन, राजाच्या खर्चाने त्याला शाळेत धाडतात. स्लागेल्सेच्या त्या वर्गात डोकवा. अकरा-अकरा वर्षांच्या मुलांत सतरा वर्षांचा हान्स मान खाली घालून बसलाय, आणि हेडमास्तर सगळ्यांदेखत त्याचा पाणउतारा करताहेत. कविता लिहायची नाही, अशी ताकीद आहे. मला हे बघवत नाही, चला पुढे.

१८३५. न्यूहाउनच्या कालव्याकाठची, २० नंबरच्या घरातली खोली. इटलीवरची कादंबरी लिहून झालीय, आणि आता तो ओठ हलवत काहीतरी वेगळंच लिहितोय. जवळ जाऊन ऐका. ओडेन्सला सूत कातणाऱ्या म्हाताऱ्या त्याला गोष्टी सांगायच्या, तीच बोली आहे ही. जी भाषा झाकायला शाळेने शिकवलं, तीच त्याने कागदावर उतरवली. त्याची खरी हिंमत ही, असं मला वाटतं.

८ मेला ६१ पानांची पुस्तिका निघते. गोष्टी चारच. समीक्षक नाक मुरडतात: लिहायचं ते बोलल्यासारखं? आणि तात्पर्य कुठाय? विजेने होकायंत्राची सुई हलते हे दाखवणारे शास्त्रज्ञ ओर्स्टेड मात्र त्याला सांगतात, कादंबरीने नाव होईल, पण अमर करतील त्या या गोष्टी.

आता एका घरच्या दिवाणखान्यात या. मुलं कोंडाळं करून बसलीत. अँडरसन गोष्ट सांगतोय आणि भल्यामोठ्या कात्रीने घडी घातलेला कागद कापतोय. कपटे त्याच्या विजारीवर पडताहेत. कात्री थांबते. तो घडी उलगडतो, तर एकमेकींचे हात धरलेल्या नर्तकी, कडेला राजहंस. गोष्ट अजून चालूच आहे. जरा सरकून बसा, मागच्या धाकटीला दिसत नाहीये.